शून्य धरलेली वीस मिनिटं

आमच्या ऑफिसात तिला समोर सगळे बाई म्हणायचे आणि पाठीमागे मास्तरीण. अकरा वर्षं शाळेत गणित शिकवून ती सॉफ्टवेअर तपासायच्या कामात आली होती, पण शाळा काही तिच्या अंगातून गेली नव्हती. कुणी "साधारण दहा" म्हणालं की ती विचारायची, "म्हणजे नऊ की अकरा?" लोक हसायचे. मीही हसायचो. आता ते हसणं आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

आम्ही रुग्णवाहिका सेवेसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. फोन घेणारी ऑपरेटर तिच्या स्क्रीनवर पत्ता लिहिते आणि तोच पत्ता गाडीतल्या ड्रायव्हरच्या टॅबवर उमटतो. सांगायला एवढंच काम. सगळं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं. कोडमध्ये कुणी काहीही बदललं की आधी टेस्ट चालवायच्या. टेस्ट म्हणजे एकेक गोष्ट तपासणारे छोटे प्रोग्रॅम; अमुक बटण दाबलं की तमुक होतं का, एवढंच बघणारे. त्या ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या तयार साधनात, लिहिल्या होत्या, ते प्रत्येक टेस्टला किती वेळ लागला हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून ठेवायचं.

आमच्या प्रोग्रॅमर गटाच्या टेस्ट होत्या चार हजार दोनशे, सगळ्या बारीकसारीक. मास्तरणीच्या फक्त नव्वद. पण तिच्या टेस्ट खरोखरची स्क्रीन उघडून बघायच्या. त्यातल्या वीस तर दोन्हीकडच्या स्क्रीन उघडायच्या, इकडे ऑपरेटरची, तिकडे ड्रायव्हरची, आणि इथे लिहिलेलं तिथे अक्षर न् अक्षर पोचतं का ते पडताळायच्या. सगळ्या टेस्ट एकामागून एक चालून संपायला साडेबावीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ हातावर हात धरून बसायचं.

मॅनेजरला हे खुपत होतं. माणूस हुशार, पण कागदावर जे नीटनेटकं दिसेल तेच त्याला खरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी त्याने मला टेस्टच्या वेळांचा महिन्याचा रिपोर्ट तयार करणारा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. पहिला नमुना बघून म्हणाला, हे पॉइंटच्या पुढचे तीन-तीन आकडे काढ, वरचे लोक वैतागतात. मी एक ओळ टाकली. प्रत्येक टेस्टचा वेळ जवळच्या पूर्ण सेकंदावर आणायचा. अर्धा सेकंद किंवा जास्त असेल तर एक, कमी असेल तर शून्य. मग त्यांची बेरीज. दोन मिनिटांचं काम होतं. केलं आणि विसरून गेलो. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या ओळीमुळे झालं, आणि ती माझी होती.

तर त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये भिंतीवर एक मोठं गोल चित्र आलं. त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग लालभडक. मॅनेजर म्हणाला, हा लाल भाग म्हणजे बाईंच्या टेस्ट. एकूण वेळेतला त्र्याहत्तर टक्के वेळ या नव्वद टेस्ट खातात आणि उरलेल्या चार हजार दोनशेंना लागतात सत्तावीस टक्के. मग त्याने प्रोग्रॅमर गटाचं कौतुक केलं. आम्ही ते गोड मानून घेतलं.

मास्तरणीने हात वर केला. तिने विचारलं, हे त्र्याहत्तर टक्के कशाचे? एकूण वेळेचे, तो म्हणाला. एकूण वेळ किती? तो म्हणाला, ते पुढच्या पानावर येईल. ते पान काही आलं नाही. ती म्हणाली की मी रोज या टेस्ट समोर बसून चालवते, माझ्या नव्वदच्या नव्वद सव्वा मिनिटात संपतात. साडेबावीस मिनिटांतलं सव्वा मिनिट त्र्याहत्तर टक्के कसं होईल?

मॅनेजर हसला. "बाई, तुमच्या अंदाजावर विश्वास ठेवू की मशीनच्या मोजमापावर?"

"मी अंदाज सांगत नाहीये," ती म्हणाली. "मोजून सांगतेय."

खोलीत चौदा माणसं होती. साडेबावीस मिनिटं आम्ही सगळेच रोज अनुभवत होतो. तिचं म्हणणं बरोबर असणार हे कळायला गणिताचीही गरज नव्हती. तरी सगळे मूग गिळून बसले. मी टेबलाच्या कडेचं निघालेलं लाकूड नखाने दाबत होतो.

ठरलं ते असं की तिच्या नव्वदपैकी सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्या वीस टेस्ट बंद करायच्या. अर्थातच त्या दोन्ही स्क्रीन उघडणाऱ्या. ती म्हणाली, बाकीच्या काढा, पण लांब पत्ता पुरा पोचतो की नाही हे बघणारी एक तरी ठेवा. मॅनेजर म्हणाला की एकीला सवलत दिली की सगळ्यांना द्यावी लागते. तिने त्याच दिवशी मेल लिहिला, दोन दिवसांनी दुसरा, पुढच्या आठवड्यात तिसरा. एकाचंही उत्तर आलं नाही.

पुढच्या रिपोर्टमध्ये टेस्टचा वेळ जवळजवळ सत्तावीस टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या. टेस्ट संपायला तेव्हाही बावीस मिनिटं लागत होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्या गटातल्या एकाने ड्रायव्हरच्या स्क्रीनवर पत्त्याची चौकट जरा सुबक केली. चाळीस अक्षरांपुढचा मजकूर दिसेनासा झाला, आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. आमच्या चार हजार दोनशे टेस्ट पास झाल्या. त्यांच्यातली एकही तिकडची स्क्रीन उघडून बघत नव्हती.

एका सकाळी एका घरातून फोन आला. बासष्ट वर्षांचा सुतार, चहाचा कप हातातून पडला, तोंड वाकडं झालं, बोलता येईना. त्याच्या मुलीने पत्ता सांगितला: वसाहतीचं नाव, रस्ता, क इमारत, मागचा जिना, चौथा मजला. ऑपरेटरने सगळं लिहून घेतलं. ड्रायव्हरला दिसलं ते फक्त वसाहतीच्या नावापर्यंत आणि रस्त्यापर्यंत. तिथे सारख्या दिसणाऱ्या चार इमारती आणि आठ जिने. स्ट्रेचर घेऊन माणसं वर चढत होती, दारं ठोठावत होती, खाली उतरत होती. अकरा मिनिटं गेली. माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात गेला. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं की थोडं आधी पोचला असतात तर कदाचित हात राहिला असता. सुताराचा उजवा हात.

मुलीने तक्रारीचं पत्र लिहिलं. ते आम्हा सगळ्यांना वाचायला मिळालं. त्यात शिव्याशाप काही नव्हते. एक वाक्य होतं: "आम्ही पत्ता तीनदा सांगितला होता."

मॅनेजरने दोन दिवसांत खुलासा तयार केला. मी तो वाचला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात लिहिलं होतं की सदर त्रुटी पकडू शकणारी टेस्ट तपासणी विभागाकडून वेळेअभावी वगळण्यात आली होती. तपासणी विभाग म्हणजे मास्तरीण. विभागात दुसरं कुणी नव्हतंच. ज्या बाईने तीन मेल लिहून ती टेस्ट राखा म्हणून विनवलं, तिच्याच डोक्यावर खापर. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं आणि तिचं लॉग-इन बंद केलं. तिने डबा उचलला, खुर्ची आत सरकवली आणि निघून गेली.

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दार तिच्या सासऱ्यांनी उघडलं. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर तीस वर्षं काढलेला माणूस, ऐंशीला टेकलेला, आवाज अजून खणखणीत. मला आत घेत म्हणाले, "ऑफिसातले ना? या. बोलणी खायची तयारी ठेवून आला असाल तर बसा."

जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. लॉग-इन बंद होण्याआधी त्या मीटिंगच्या महिन्याची फ्रेमवर्कची मूळ नोंद तिने छापून घेतली होती, पण तिच्याच नव्वद टेस्टची. पेन्सिलीने एकेक आकडा मांडून बेरीज केली होती. सत्तर टेस्ट, प्रत्येकी सहा दशांश सेकंदाच्या आसपास, मिळून बेचाळीस सेकंद. वीस टेस्ट, प्रत्येकी एक पूर्णांक सहा दशांश, मिळून बत्तीस. एकूण चौऱ्याहत्तर सेकंद. सव्वा मिनिट, ती म्हणाली होती तसंच. आणि रिपोर्टमध्ये तिच्या नावावर एकशे दहा सेकंद होते. हे छत्तीस सेकंद कुठून आले ते तिला सापडत नव्हतं.

सासरे म्हणाले, "सूनबाई, तुझं पार्सल तू वजन केलंस. समोरच्यांचं कुठाय? दोन्ही काट्यावर चढल्याशिवाय कुणाचं जड ते कसं कळणार?"

"त्यांचं माझ्याकडे नाही, बाबा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे होतं. मी लॅपटॉप उघडला. आमच्या चार हजार दोनशे टेस्टची मूळ नोंद काढली आणि बेरीज केली. बाराशे बहात्तर सेकंद. एकवीस मिनिटं आणि वर बारा सेकंद. रिपोर्टमध्ये आमच्या नावावर होते चाळीस सेकंद.

मी ते चाळीस बघत राहिलो. मग रिपोर्टचा प्रोग्रॅम उघडला आणि ती ओळ दिसली. चार हजार एकशे साठ टेस्ट अर्ध्या सेकंदाच्या आतल्या होत्या, म्हणून प्रत्येकीचं शून्य झालं. शून्यांची बेरीज शून्य. वीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद हवेत विरली. उरलेल्या चाळीस टेस्टचे चाळीस सेकंद. आणि मास्तरणीच्या टेस्ट अर्ध्याच्या जरा वर, म्हणून सहा दशांशाचा एक झाला, एक पूर्णांक सहाचे दोन. आमचं सगळं माफ आणि तिचं चढवून लावलेलं. खरा हिशोब केला तर तिचा वाटा साडेपाच टक्के होता.

ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव असतं. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि म्हणालो की हे मी लिहिलंय.

सासरे उठून आत गेले. मग ती म्हणाली, "पाचवीच्या पोरांना शिकवायचे मी. आधी बेरीज करा, मग पूर्णांक करा. उलटं केलंत तर उत्तर चुकतं. पोरं चुकायची, मी परत सांगायचे."

मी माफी मागायला लागलो.

"थांबा," ती म्हणाली. "ती ओळ लिहिलीत, याचा मला राग नाही. चूक कुणाचीही होते. त्या मीटिंगमध्ये मी बरोबर बोलतेय हे तुम्हाला कळत होतं, आणि तुम्ही टेबलाचं लाकूड कुरतडत बसलात. त्याचा राग आहे. आणि तो जाणार नाही, म्हणून तुम्ही आता माफी मागू नका. चौकशीला या आणि हे बोला."

चौकशीला रुग्णवाहिका सेवेच्या वैद्यकीय अधिकारी आल्या होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सुताराची मुलगीही आली होती. ती मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. मॅनेजरने आपलं गोल चित्र दाखवलं. मास्तरणीने तिचे कागद मांडले आणि शाळेत सांगावं तसं सावकाश सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाला की हा नुसता काथ्याकूट आहे, अर्ध्या-पाव सेकंदांवर आपण इतक्या लोकांचा वेळ घालवतोय. अधिकारी बाईंच्या चेहऱ्यावरूनही वाटलं की त्यांना हे आकडे जड जातायत.

मास्तरीण म्हणाली, "मग आकडे राहू द्या. टेस्ट चालवू या. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. आधी माझ्या, मग त्यांच्या. भिंतीवर घड्याळ आहे."

मॅनेजर नको म्हणाला. अधिकारी म्हणाल्या, चालवा.

तिच्या बंद केलेल्या वीस धरून नव्वद टेस्ट मी सुरू केल्या. कुणीतरी पाण्याची बाटली उघडली, पाणी प्यायलं, झाकण लावलं, आणि टेस्ट संपल्या. चौऱ्याहत्तर सेकंद. मग आमच्या सुरू केल्या.

पहिली दोन मिनिटं लोक पडद्यावर सरकणाऱ्या हिरव्या ओळी बघत होते. मग कुणी फोन काढला, अधिकारी बाईंनी मान हलवल्यावर खिशात ठेवला. पाच मिनिटं झाली. खुर्च्या करकरायला लागल्या. मॅनेजर म्हणाला की मुद्दा लक्षात आला, आता बंद करू या. मास्तरीण म्हणाली, संपू द्या. सात मिनिटं. नऊ. नुसतं बसून राहिलं की मिनिट किती मोठं असतं ते मला तेव्हा कळलं. ज्याला आम्ही महिनोन्महिने शून्य म्हणत आलो, ते खोलीभर साचत चाललं होतं आणि संपत नव्हतं.

मागून सुताराच्या मुलीचा आवाज आला. "किती झाली?"

मास्तरणीने घड्याळ बघितलं. "अकरा."

"एवढी," ती म्हणाली. "मी एवढा वेळ जिन्यात उभी होते. गाडीचा आवाज येत होता. मला वाटत होतं, आता वर येतील."

त्यानंतर कुणी बंद करा म्हणालं नाही. उरलेली दहा मिनिटंही आम्ही तशीच बसून काढली. शेवटची ओळ हिरवी झाली तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं की वेळ पूर्ण सेकंदावर आणणारी ओळ माझी, ती कुणी घालायला सांगितली तेही सांगितलं, आणि बाईंनी त्या मीटिंगमध्ये काय विचारलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. मग आमच्या गटातला आणखी एक उभा राहिला. मग कुणीच नाही. चौदांतले दोघे.

त्यानंतर जे झालं ते ऐकून कुणाला समाधान वाटणार नाही. वीस टेस्ट परत सुरू झाल्या. माझी ओळ मी स्वतः काढली. चौकट दुरुस्त झाली. सुताराच्या घरी पत्र गेलं, ते अधिकारी बाईंनी सही करून स्वतः नेऊन दिलं. मास्तरीण कामावर परत आली. मॅनेजरची बदली झाली, दुसऱ्या विभागात, वरच्या जागेवर. निरोपाला केक होता. मी गेलो नाही, ती तर नाहीच नाही. पण बाकीचे गेले आणि त्याने भाषणात म्हणे वेळेचं महत्त्व सांगितलं.

चौकशीचा अहवाल सहीसाठी आला तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की सदर टेस्ट अनवधानाने बंद करण्यात आल्या. ती थांबली. ते वाक्य तिने दोनदा वाचलं. अहवाल घेऊन आलेला कारकून म्हणाला, बाई, हे छापील असतं, सगळ्यांत असंच असतं, सही करा म्हणजे फाइल मिटेल.

"अनवधान म्हणजे लक्ष नसणं," ती त्याला म्हणाली. "मी तीनदा लिहून कळवलंय. लक्ष होतं त्यांचं."

तिने पेनाने "अनवधानाने" हा शब्द खोडला, वर "लेखी कळवूनही" असं लिहिलं, बाजूला तारीख टाकली आणि सही केली. कारकून म्हणाला की असं खोडलेलं वर चालणार नाही. ती म्हणाली, मग वर सांगा की दुसरी प्रत आणली तर तीही खोडेन. तो कागद घेऊन गेला. आठ दिवसांनी अधिकारी बाईंची सही खाली आली, त्याच खोडलेल्या प्रतीवर. तिसरी सही मॅनेजरची हवी होती. ती जागा अजून रिकामीच आहे, आणि म्हणून फाइलही उघडी आहे. मास्तरीण दर महिन्याच्या एक तारखेला वर एक मेल पाठवते, फाइलचं काय झालं म्हणून. खाली आता दोघांची नावं असतात, तिचं आणि माझं.